बेचाळिसावं

काल रात्री बेचाळिसावं घेतलं.
सेल संपायला चाळीस मिनिटं होती.
जुन्या टपालखात्याचं, दोन पंख्यांचं,
सीटच्या कातड्यावर सुरकुत्यासुद्धा काढल्यात त्यांनी,
अ‍ॅश-ट्रेचं झाकण उघडतं.
मी ते तीनदा उघडलं, मिटलं
आणि झोपलो.

एक पाण्यावर उतरणारं आहे.
नाशकात समुद्र कुठला,
गंगापूर धरणात उतरवू म्हणालो होतो.
त्यानंतर धरण दोनदा भरलं, दोनदा तळाला गेलं.

एक असं, की नुसतं चालू करायला बावीस मिनिटं लागतात.
त्याच्या बटणांची यादी अंबडला झेरॉक्स करून
स्पायरल लावून आणली.
झेरॉक्सवाला म्हणाला, क्लासचं का?
हो म्हणालो.
त्या स्पायरलवर आता सुलभा
कुकर उतरवून ठेवते.

उडवतो ते एकच.
गेमबरोबर फुकट आलेलं, एका पंख्याचं, चार सीटचं.
ओझरहून उठायचं, नाकासमोर रामशेज,
मग डावीकडे, धरण, अंजनेरी,
पांडवलेणी मागे टाकली की पाथर्डी फाटा
आणि आमची बिल्डिंग,
एक मजला जास्तीची, भलत्याच रंगाची,
लिफ्ट मात्र तिथेही बंदच असणार.
सत्तावीस मिनिटं.
मग खाली उतरून जेवायला.

गायधनीकडे एकशे सहा आहेत.
मेनरोडला घड्याळं दुरुस्त करतो,
म्हणतो, अरे, वाढलेलं सगळं संपवायचंच असतं थोडंच,
पान भरलेलं दिसावं लागतं.
माझ्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला असता.

सुलभा म्हणते, तू विमानं घेतच नाहीस,
रविवार घेतोस, सातशे नव्व्याण्णवला एक.
असं काहीतरी बोलून ती लसूण सोलत बसते
आणि मी आपला त्याचा अर्थ लावत.
पण रविवार तर मला फुकटही मिळतात
आणि तेही तसेच पडून राहतात.

मागच्या आठवड्यात डाउनलोड एकाहत्तर टक्क्यांवर होतं
तेव्हा खरं एक डोक्यावरून गेलं.
मांडणीवरची ताटं थरथरली, खालचा कुत्रा ओरडला,
शेजारची पोरं गच्चीवर धावली.
मी बाहत्तरची वाट बघत होतो.

अण्णांनी ओझरच्या कारखान्यात
चौतीस वर्षं रिव्हेट मारले.
फक्त डावा पंख. उजवा पिंगळ्यांकडे.
अख्खं विमान बघायचे ते सुट्टी झाल्यावर,
गेटबाहेर, सायकल धरून, मान वर करून.
आत बसले नाहीत कधी,
ना तिथल्या, ना तिकिटाच्या.

त्यांना एकदा माझ्या खुर्चीत बसवलं,
दांडी हातात दिली.
नको, म्हणाले, तू चालव.
मला मागची सीट दे, खिडकीची.
मी कॅमेरा मागे नेला.
धरण आलं, बघितलं नाही.
अंजनेरी आली, बघितली नाही.
सत्तावीस मिनिटं ते पंखाकडे बघत होते.
मग चष्मा काढून पुसला, म्हणाले,
रांग सरळ मारलीय रे पोरानं. कुठला आहे?

मला काही सांगता आलं नाही.
कुठल्यातरी देशात कुणीतरी माऊसनं काढली असेल.
चांगला आहे, म्हटलं, हुशार आहे.

ते गेल्यानंतरचं हे एकतिसावं.
नवीन आलं की धावपट्टीवर उभं करतो,
इंजिन चालू करत नाही,
मागच्या सीटवर जातो, डाव्या खिडकीशी.
काहींचे पंख नुसतेच गुळगुळीत, रंगवलेले,
ती पुन्हा उघडत नाही.
काहींवर असतात, बारीक, ओळीनं,
आणि मी मोजायला लागतो,
दोनशेच्या आसपास चुकतो,
तेवढ्यात पानं घेतली म्हणून हाक येते.

टपालाच्या विमानाचे अजून मोजायचेत.
काल त्या अ‍ॅश-ट्रेनंच वेळ खाल्ला.