अबोलीची फाती

कुंदा एकतीस वर्षांची आहे.
डॉक्टर म्हणाले होते, बुद्धी सात वर्षांची.
आईनं तेवढंच लक्षात ठेवलं.
एकतीसमधून सात गेले,
उरलेली चोवीस वर्षं कुठे ठेवायची
ते कुणी सांगितलं नाही.

ती अंगातच होती.
बांबोळीला नेऊन पिशवी काढून आणली
तेव्हाही गेली नाहीत.
कागदावर सही बाबांची.
कुंदाला सांगितलं, पोटात किडे झालेत.
अजून ती पेरू कापला की
आधी आत नीट बघते.

पुरुषांपासून जपलं आम्ही तिला.
पाववाल्याचा भोंगा वाजला की मी जाते.
कदंबाच्या बसमध्ये खिडकीशी ती, अलीकडे मी.
मेस्ताचा मुलगा दारं बसवायला आला
तो आठवडाभर तिला डिचोलीला मामाकडे ठेवलं.

म्हापशाला ती लिफाफे चिकटवायला जाते
तिथे शेजारी बसते फिलोमेना.
शिवोलीची, चाळिशीची, जाड चष्मा.
आकडे येत नाहीत,
पण खळ कुठे कमी पडली ते बोटाला कळतं.

दर शुक्रवारी बाजारातून
कुंदा अबोलीच्या दोन फाती घेते.
एक स्वतःला.
एक फिलूच्या आखूड केसांना,
पिनेनं, मग अजून एका पिनेनं,
टिकत नाही तरी.
फिलू मान वाकवून उभी राहते, चष्मा हातात धरून.

आई म्हणते, बरं झालं गो, मैत्रीण मिळाली.
बाई आहे. काळजी नाही.

काल भांडी पुसताना म्हणाली,
"म्हजी फिलू."
मी म्हटलं, हो, तुझी मैत्रीण.
"न्हय."
ताट खाली ठेवलं. माझा ओला हात घेतला,
तळव्यावर ओठ टेकवले,
जराही घाई न करता,
आणि विचारलं,
"तुका अशें कोण करता?"

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली.
पत्रिका जुळली होती, छत्तीसपैकी एकोणतीस.
नवरा बोटीवर असतो, वर्षातले नऊ महिने.
उरलेल्या तीन महिन्यांत
माझा तळवा कुणी पाहिलेला नाही.
नळ चालूच राहिला.

आईला सांगितलेलं नाही अजून.
सांगू तरी काय,
की कुंपण घातलं आपण रस्त्याच्या बाजूला
आणि पाणी परसात लागलं?

उद्या शुक्रवार.
कुंदानं फातींचे पैसे मोजून डब्यात ठेवलेत.
चुकलेत. वीस रुपये जास्त आहेत.
मी काढले नाहीत.