पाहा : ९.४ (ई)

हर्णैत, बर्फाच्या फॅक्टरीवरच्या खोलीत
माझं दुकान : टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन.
पायाखाली दिवसभर कॉम्प्रेसर धडधडतो,
संध्याकाळपर्यंत खुर्ची वीतभर सरकलेली असते.

धर्मा पावसे पेनड्राइव्ह घेऊन आले
दोन पिशव्यांत गुंडाळून, बाहेरच्या पिशवीला म्हावऱ्याचा वास.
संस्थेचे उपविधी. बावीस पानं, एकतीस कलमं.
"पाचवं काढलं गो मीटिंगीत.
तेवढं गाळ नि आकडे सरळ कर. धा मिन्टांचं काम."

उघडून बघते तर आकडे सगळे हातानं मारलेले.
स्पेसबार, स्पेसबार, स्पेसबार, मग (अ),
पुढच्या ओळीला एक कमी, तिच्या पुढच्या ओळीला दोन जास्त.
ओहोटीनं पुळणीवर टाकलेल्या होड्यांसारखी पोटकलमं,
एकीचं तोंड किल्ल्याकडे, एकीचं पाजपंढरीकडे.

मी आधी सगळे आकडे पुसले.
घटकाभर बावीस पानं नुसतीच बोलत राहिली,
कोण मोठं, कोण कुणाच्या पोटातलं, पत्ता लागेना.

मग बहुस्तरीय यादी.
पहिली पातळी समासाला चिकटून : १.
दुसरी अर्धा इंच आत : १.१
तिसरी तिच्याही आत : (अ).
प्रत्येकीला बजावायचं,
वरची बदलली की तू पुन्हा पहिल्यापासून.
हे विसरलं की नव्या कलमात
(अ) च्या जागी (ऐ) येऊन बसतो,
बोलावल्याशिवाय जेवायला आल्यासारखा.

टॅब दाबला की कलम एक पायरी आत.
शिफ्ट धरून टॅब, की बाहेर.

वाट्यांचं कलम झकास बसलं.
बोटीचा वाटा. जाळ्याचा. तांडेलाचा. खलाशांचा,
आणि खलाशांच्या पोटात (अ) :
भात शिजवणाऱ्या पोराचा, अर्धा.

मग आलं 'किरकोळ'. आधी नववं, आता आठवं.
८.४ खाली, सगळ्यांत आत :
(इ) बर्फाच्या लाद्यांची नोंद,
(ई) दर्यात बेपत्ता झालेल्या खलाशाच्या घरच्यांचा वाटा,
(उ) शिक्का व स्टॅम्पपॅड यांची खरेदी.

मागल्या वर्षी तुळजा चोगले
एक आधार कार्ड लॅमिनेट करायला आली होती.
"भिजू नये," म्हणाली. नवऱ्याचं.
तो तेव्हा सापडून-न-सापडून चार महिने झाले होते.

शिफ्ट, टॅब.
शिफ्ट, टॅब.
(ई) चं झालं कलम ९.
खालची सगळी न विचारता एकेक जागा सरकली.
फक्त स्टॅम्पपॅड नवव्याच्या पोटात जाऊन बसलं,
त्याला उचलून परत आठव्यात ठेवलं.

धर्मा पावसे प्रिंट घ्यायला आले.
अंगठा ओला करून पानं मोजली, मग कलमं,
लिलावात पाट्या मोजतात तशी, ओठांतल्या ओठांत.
"एकतीस होती. एक काढलं."
"हो."
"तरी एकतीस?"

खाली कॉम्प्रेसर थांबला. लाइट गेली असावी.
ते दाराशी उजेडात गेले, नववं वाचलं,
चष्मा काढून पुन्हा वाचलं, जवळ धरून.
"किती झाले?"
"एकशे दहा."
त्यांनी दीडशे दिले आणि सुटे मागितले नाहीत.
मी उदार झाले की ते, हे अजून ठरलेलं नाही.

रात्री फाइल बंद करायच्या आधी
पान एकोणीसवर दिसलं, परिशिष्टात, बारीक अक्षरात :
'पाहा : ९.४ (ई)'.
हातानं मारलेलं. म्हणून जागचं हललेलं नाही.
नवव्यात आता चार नाही, ई नाही,
कुणी तिकडे बघायला गेलं तर सापडणार नाही.

फोन लावला.
पावसे पाणी भरताच गेलेले.
बाई सांगत राहिली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर,
आधी मराठीत, मग हिंदीत.
मी कर्सर त्या ई पुढे ठेवून
लुकलुकताना बघत राहिले.