अकरा कलमं

ठेवींच्या वहीत चार रकाने आहेत:
दात्याचं नाव, मुद्दल, व्याज, हेतू.
एकोणतीस वर्षं मी ते भरतोय
आणि मुद्दलाला कुणाचं बोट लागू दिलेलं नाही,
कुलसचिवांचंही नाही.

पान तिसरं. कुणा तांडेलाचे एक हजार एक,
सन एकोणीसशे एकाहत्तर, हेतू रंगीत खडू.
तेव्हा म्हणे वर्षभर फळे रंगायचे त्यात.
आता एक खोका येतो.
तो मी स्वतः धनजी नाक्यावरून आणतो,
पावती चिकटवतो,
आणि पाठ घेणारी पोरं नकाशातली खाडी निळी करतात.

हलिमा वस्ता आल्या तेव्हा जेवणाची सुट्टी संपत होती.
रबरी चपला, कापडी पिशवी.
एकतीस वर्षं शिकवलं म्हणाल्या, उर्दू शाळेत,
बी.एड. इथलंच.
फी भावानं भरली होती कुवेतहून. तो गेला.
"आता दरसाल कुणा पोरीची मी भरीन म्हणते."

मी छापील अर्ज पुढे सरकवला.
त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं,
वहीत चूक सापडली की बाई ठेवतात तसं.
"व्याज. हे आमच्यात चालत नाही, भाऊ."

पंखा फिरत होता. मी चष्मा पुसला.

मग पिशवीतून सातबारा निघाला.
गोळपच्या सड्यावर अकरा कलमं,
गडग्याच्या आतली,
भाऊ सुट्टीवर आला होता त्या साली लावलेली.
"झाडं तुमची, फळ पोरीचं.
तोडायची नाहीत, विकायची नाहीत.
एवढं लिहून घ्या."

झाड म्हणजे ठेव होते काय,
यावर वकिलांनी सात महिने काढले.
तीन पत्रं आली, एक आमच्याकडून उलट गेलं.
शेवटी मी मुद्दलाच्या रकान्यात लिहिलं: अकरा.
आधी 'रुपये' लिहायची सवय, हात थबकला.
आणि छापील 'व्याज' खोडून
वर बारीक अक्षरात: फळ.

पहिल्या साली बाग अडतीस हजारांना गेली.
दर्शना घवाळी, लांज्याकडची.
पाठाला उभी राहिली की तिचा आवाज
दुसऱ्या बाकापाशी बसकण मारायचा.
तरी पास झाली. नोकरीला लागली.

दुसऱ्या साली थंडीच पडली नाही.
मोहोर काळा पडला,
उरलासुरला तुडतुड्यानं नेला,
कंत्राटदारानं फोन उचलणं सोडलं.
वहीत लिहिलं: फळ नाही.
बँक असं कधी करत नाही.
बँक कमी कमी देते, पण देते.
या पैशाला आभाळ लागतं, हे मला
चोपन्नाव्या वर्षी कळलं.

त्या सालच्या पोरीची फीची नोटीस
माझ्या खणात राहिली, मार्च ते जून,
खडूच्या खोक्याखाली.
नियमात बसत नाही. विचारलं कुणी तर
सापडत नव्हती, असंच सांगेन.

जूनमध्ये हलिमाबाई आल्या. पैसे नव्हते आणले.
"दर्शना आली होती सड्यावर," म्हणाल्या,
"शाळेतली चार पोरं घेऊन, औषधाचा पंप घेऊन.
पोरांवर काय ओरडत होती!
खालच्या पाणंदीपर्यंत ऐकू येत होतं."

जाताना टेबलावर एक आंबा ठेवला,
पूर्ण बागेत वाचलेला, एका अंगाला डागी.
मी विचारलं, हा कुठल्या रकान्यात घालू?
त्या हसल्या नाहीत. "खा," म्हणाल्या.

खाल्ला. आत थोडा साका होता.
बाठा कार्यालयामागे, टाकीच्या ओलीला पुरला.
हापूसच्या बाठ्यातून हापूस येत नाही,
रायवळच येईल, माहीत आहे.
चार वर्षांनी मी निवृत्त होईन.
कुणाला तरी कलम बांधता यायला हवं.