राकेता

आधी एक नळकांडं. त्यावर शंकू.
मागे चार पंख, चारही एकाचीच नक्कल.
दोनशे बारा त्रिकोणांत यान संपलं.
गेन्नादी ल्वोविच म्हणाले, "आकार पुरे. आता कातडी."

कातडी चढवायची तर आधी सोलावं लागतं.
पोटाखालच्या कडा निवडून मी तिथे उसवते,
आणि यान पडद्यावर सपाट पसरतं,
शिंप्याने बेतलेल्या कापडासारखं:
बाही कुठली, पाठ कुठली, त्याचं त्यालाच ठाऊक.
शिवण अशा जागी ठेवायची
जिथे बघणारा वाकून बघत नाही.

पहिल्यांदा मी तयार पत्रा चढवला,
राखाडी, गुळगुळीत, फुकटचा.
यान नुकत्याच कल्हई केलेल्या पातेल्यासारखं दिसायला लागलं,
ज्यात अजून कुणी काही शिजवलेलं नाही.

मग मार्चची सुट्टी. अर्खांगेल्स्कहून छोटं विमान,
पुढे चार तास स्लेजवर, गोठलेल्या नदीवरून.
प्रोखोरमामाच्या अंगणात ती पालथी पडलेली,
अर्धी बर्फात. गावात तिला राकेता म्हणतात,
थट्टेने नाही.
वर जाणारं वर जातं, खालचा टप्पा
जळून रिकामा झाला की आमच्या दलदलीत पडतो.
मामाने तो करवतीने उभा चिरला,
टोकं ठोकून वळवली, सांध्यांत डांबर भरलं.
बावीस वर्षं सामन मासे वाहतेय.

आभाळ भरून होतं. हेच हवं असतं.
फोटोत सावली आली की ती कायमची चिकटते,
मग सूर्य कुठेही न्या, ती आपली तिथेच.
मी गुडघ्यांवर, कॅमेरा पत्र्याला समांतर,
वीतभर सरकायचं, पुन्हा एक.
मामा दारातून: "लग्न जमलंय का तिचं?"

हा पोचा? खडक, काळ्या वळणावरचा.
ही ओरखड्यांची जाळी? दर मे महिन्यातला बर्फ.
हा अर्धा आकडा? तो तिचा स्वतःचा, आधीपासूनचा.
हा पिवळा डाग?
मामाने हातमोजा काढला, परत घातला.
"त्या उन्हाळ्यात मोरोश्का वेचू नका म्हणाले होते.
तुझ्या मामीने वेचली."
तो फोटो दोनदा घ्यावा लागला. हात हलला.

वसतिगृहात सतरा फोटो जोडून एक पत्रा केला.
पहिल्या खेपेला नाकावरचे रिव्हेट ताणून अंडी झाले.
दुसऱ्या खेपेला एकच पोचा आठ ठिकाणी,
जणू मामा आठ वेळा त्याच खडकावर गेला,
आणि तो तसा माणूस नाही.
उजवी बाजू डावीचाच आरसा,
म्हणून आकडा तिकडे उलटा. तो राहू दिला.

खोली सगळ्यांत शेवटी.
एक जांभळट चित्र असतं, ते प्रत्येक ठिपक्याला सांगतं
तोंड कुठे करायचं.
खड्डा नसतोच. उजेडाला तसं सांगून ठेवलेलं असतं,
आणि उजेड भोळा.

गेन्नादी ल्वोविचनी चष्मा कपाळावर नेला.
"अंतराळात ओरखडे कुठून? तिथे नदी आहे?"
"खाली पडल्यावर आहे."
"आणि ही रेघ? नाकापासून शेपटापर्यंत?"
मला ती दिसलीच नव्हती. जवळून दिसतही नाही,
लांब जावं लागतं.
"इथपर्यंत बुडते," मी म्हटलं. "मासे भरले की."
ते पुढे काही बोलले नाहीत. यान काळोखात सावकाश फिरत होतं,
बगलेत पाण्याची रेघ घेऊन.

पिवळा डाग मी पुसला नाही.
पोटाखाली सरकवलाय, शिवणीजवळ.

रविवारी मामाचा फोन आला.
"तरंगते का?"
"फिरते."
"बरं. गळत नसली म्हणजे झालं."