कुगावसमोरचं बेट

वीस वर्षं टॉवेलांवर बेट विणलं मी:
दोन माड, एक होडी, निळा काठ.
माल कुठल्या देशाला जातो ते गुंडेटी शेठला ठाऊक.
अक्कलकोट रोडला समुद्र कधी आला नाही.

आज कुगावहून सोपान नगरेच्या होडीत बसलो.
डिझेलचा वास, पायाशी ओली जाळी,
उजनीचं पाणी हात घातला तर कोमट.
"ते बघा, बेट."

माड नव्हते.
एक वेडी बाभूळ, बगळ्यांनी पांढरी केलेली,
शिंपल्यांचा चुरा,
आणि चिखलात ओळीनं दगड.
हा उंबरा, सोपान म्हणाला. ही चूल.
पाणी उतरलं की दिसतं.

"कुणाचं घर?"

तो जाळ्यातली गाठ सोडवत राहिला.
"आमची म्हातारी यायची नाही इकडं," एवढंच.

मी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या,
मग आत गेलो, जिथे आत असं काही उरलं नव्हतं.
चुलीपाशी एक खेकडा.
माझ्याकडे बघून तो बिळात शिरला,
घरच्या माणसासारखा.

उद्या पहिल्या पाळीत जॅकार्डवर
पुन्हा तेच बेट उतरेल.
माडाखाली एवढासा एक दगड विणला
तर शेठ भिंगातून बघेल,
म्हणेल, डाग आहे,
सेकंडमध्ये टाका.