हद्दकायम

बत्तीस वर्षं मी लोकांना त्यांच्या शेताच्या हद्दी दाखवत हिंडलो,
औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर,
खांद्यावर साखळी, काखेत टोचनकाशा,
चुन्याची पिशवी शिपायाकडं.
बांधावर दोन्हीकडचे उभे,
कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कोर्टाचा कागद,
आणि मी म्हणायचो,
बाजूला सरा, सावली पडतेय.

आता लातुरात, बार्शी रोडच्या दवाखान्यात,
डॉक्टर हत्ते माझाच नकाशा काढतायत
रक्ताच्या रिपोर्टच्या पाठीवर, बॉलपेननं.
पुढच्या बाजूला पीएसए अकरा पॉइंट चार.
मधे ग्रंथी, अक्रोडाएवढी म्हणे.
(अक्रोड मी कुठं पाहिलेत; चिंचोका मोठा करून बघितला.)
आत डावीकडं तिरप्या रेघा, ते अतिक्रमण.
भोवती पातळ साल, तीच हद्द.
आणि सालीला अगदी खेटून, दोन्ही अंगांनी,
नसांची एकेक जुडी,
कोळ्याच्या जाळ्याहून थोडी जाड.

"या राखल्या तर..." डॉक्टर थांबले,
प्रयागकडं बघितलं, मग पेनाकडं.
"तर बाकीचं परत यायची आशा असते.
उजवी राखतो. डावीकडं रोग सालीला टेकलाय.
तिथं नस वाचवत बसलो तर रोग मागं राहील.
रुंद घ्यावं लागंल."

मला टाकळीचा बांध आठवला.
दत्तोबा आणि माणिक ढोबळे, सख्खे भाऊ,
बांधावर एक लिंब, खोड बरोबर मधोमध.
रेघ सरळ धरली तर झाड अर्धं होतं,
झाड धरलं तर रेघ चुकते.
तीन वेळा साखळी टाकली मी.
शेवटी क-प्रतीवर बारीक अक्षरात लिहिलं, झाड सामाईक.
साहेबांनी लाल शाईनं विचारलं,
असा रकाना कोणता?

बाहेर बाकावर प्रयाग म्हणाली,
"सगळं काढा म्हणावं. दोन्हीकडचं.
मला काय करायचंय त्याचं आता."
ती एकोणसाठची, मी चौसष्टचा.
मी बोललो नाही.
ती एक जुडी मला हवी होती,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर लाजलो.
थोड्या वेळानं तीच म्हणाली,
"उजवी राहते म्हणले नव्हं? मग राहू द्या की."
आणि पदरानं चष्मा पुसत बसली,
माझा.

भूल उतरताना मी म्हणे बडबडत होतो,
सरा, सरा, सावली पडतेय.

नळी निघाली आणि मी गळायला लागलो.
उठलो की गळतो, खोकलो की गळतो,
हसलो तर विचारूच नका.
दोरीवरची माझी फडकी मोजत प्रयाग म्हणाली,
"गावाला नळ दहा दिसाला येतो,
तुमचा बरा चोवीस तास चालू."
मी हसलो.
अजून एक फडकं.

अहवाल आला. कडा मोकळ्या.
डावीकडं कापल्या कडेपासून रोग अर्धा मिलिमीटर आत.
अर्धा मिलिमीटर!
आमची साखळी नुसत्या उन्हानं
याहून जास्त ताणायची.

दर तीन महिन्यांनी रक्त.
शून्य पॉइंट शून्य एक.
डॉक्टर म्हणतात, हात लागला की नस दचकते,
जागी व्हायला वर्ष घेते, दीड वर्ष घेते,
कधी होतच नाही.
गोळी मी आमच्या गल्लीत घेत नाही,
तिथल्या मेडिकलवर माझ्या शिपायाचा पोरगा बसतो.
रिक्षा करून गांधी चौकात जातो,
चिठ्ठी घडी घालून पुढं सरकवतो,
जशी लोकं माझ्यापुढं सरकवायची.

अकरावा महिना.
काल पहाटे पाणी आलं म्हणून प्रयाग उठली,
मोटार लागली, आणि अंधारात
काहीतरी हललं. किंवा मला वाटलं.
रेघ मारावी इतकं नाही.
पेन्सिलीनं एक टिंब देऊन ठेवावं,
शाई नंतर बघू, एवढंच.

तिला हाक मारली नाही.
टाकी भरत होती.