रिकामी चौकट

ऑक्टोबरातला दुसरा शनिवार, सकाळचे साडेसात.
कौनासच्या ओकबागेत आम्ही तिघं:
मी, रात्रपाळी उरकून आलेला ट्रॉलीबसचा ड्रायव्हर,
दहा वर्षांचा रोकास, नाक गळतंय पण पेन्सिल त्याच्याच हातात,
आणि गेनोवाइतेबाई. एकतीस वर्षं
हीच पायवाट, हाच थर्मास.

कावळे चौदा.
नाही, तेरा. एक फांदीच होती.
तळ्यावर बदकं बेचाळीस,
पावाच्या आशेनं सगळी आमच्याकडेच पोहत आली;
मोजणी इतकी सोपी असू नये.
रामगंगा सात.
सुतार एक, दिसला नाही,
पण ठोकत होता म्हणजे होता.

पाइनांखाली रोकास थबकला.
"सोनतुरे! तीन... थांबा, चार!"
बाईंनी लोकरी टोपी कानावरून वर सरकवली,
मान कलती करून उभ्या राहिल्या,
दाराशी कुणी आलंय का ऐकावं तशा.
अंगठ्याएवढा पक्षी, सुईच्या टोकाएवढा आवाज.
खूप वेळ उभ्या होत्या.

तीन वर्षं त्यांच्या तक्त्यात ही चौकट रिकामी.
कचेरीतून विचारलं होतं, शून्य भरू का?
नको म्हणाल्या.
"पक्षी गेले की माझे कान,
ते ठरलं कुठं होतं?"

रोकासनं चार लिहिला.
"दाबून लिही," बाई म्हणाल्या,
टोपी खाली ओढली
आणि झाकणात कॉफी ओतून माझ्यापुढं धरली.
"तुला आले ना ऐकू?"

आले, मी म्हणालो.
दोन तरी नक्की.